शहापूरला न पोचलेले सिलिंडर

त्या दिवशी सकाळी मी पत्नीला शहापूरच्या कोविड सेंटरमध्ये दाखल केलं आणि मुरबाडला ड्युटीवर गेलो. दुपारच्या आत पोलीस ठाण्यात फोन आला. त्याच सेंटरला जाणारा ऑक्सिजनचा टेम्पो सरळगावच्या पुढे किन्हवली रस्त्यावर उभा होता आणि त्यात एकही सिलिंडर नव्हता.

निवृत्त झाल्यापासून भेटणारे लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मी सांगतोही. हा तपास मात्र मी कुणाला सांगितलेला नाही. तो अवघड होता असं नाही, एका दिवसात उलगडला. पण सांगायला घेतला की तो कुठे थांबवायचा हे मला कळत नसे. आता लिहून पाहतो.

दुसऱ्या लाटेचे दिवस होते. ठाण्यातली निम्मी माणसं आजारी किंवा विलगीकरणात होती. दारात बाक टाकून आम्ही तक्रारदाराला बाहेरच उभं करायचो. ठाणे अंमलदार खिडकीतून बोलायचा आणि हवालदार येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर ओतायचा. चोऱ्यामाऱ्या कमी झाल्या होत्या. काम वाढलं होतं ते नाकाबंदीचं, ई-पास तपासण्याचं आणि भांडणं सोडवण्याचं. कोरोना झालेल्याच्या घराला शेजाऱ्याने काट्या लावल्या, मयताला खांदा द्यायला कुणी येईना, अशी ती भांडणं.

आणखी एक भांडण होतं, ते टीव्हीवर रोज संध्याकाळी चालायचं. मुंबईतलं सरकार दिल्लीकडे बोट दाखवायचं, म्हणायचं तिकडून ऑक्सिजनचा कोटाच कमी येतो, इंजेक्शनं येत नाहीत. दिल्लीची बाजू म्हणायची, पाठवतो ते नीट वाटता येत नाही, नियोजन शून्य. तालुक्यातही दोन पुढारी होते आणि ते हेच आपल्या तोंडाने बोलायचे. ठाण्यात हवालदारांनी त्यांना सोपी नावं ठेवली होती, मुंबईवाले आणि दिल्लीवाले. दोघेही आपापल्या जागी सत्तेत होते आणि दोघेही विरोधी पक्षासारखे बोलत होते. खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. कोटा कमी येत होता. आलेला नीट वाटलाही जात नव्हता.

टेम्पो सकाळी भरून निघाला होता. वाटेत मुरबाडच्या सेंटरला त्यांचे सिलिंडर उतरवले. उरलेले शहापूरचे होते. ते घेऊन चालक सरळगावहून किन्हवलीच्या रस्त्याला लागला आणि तिथून पुढे पोचला नाही.

मी पहिला फोन शहापूरच्या डॉक्टरबाईंना केला. सकाळीच त्यांनी माझ्या पत्नीला तपासलं होतं. मला पहिल्या लाटेत कोरोना होऊन गेला होता, त्या दिवशीची माझी चाचणी निगेटिव्ह होती, म्हणून त्यांनी मला दारापर्यंत येऊ दिलं होतं.

"आहे तेवढं दिवस मावळेपर्यंत जाईल," त्या म्हणाल्या. "कल्याणला, भिवंडीला, सगळीकडे फोन केलेत. कुणी देत नाही. त्यानंतर कुणाला लावायचं आणि कुणाचं काढायचं, हे मला ठरवावं लागेल."

पत्नीचं कसं, हे मी त्यांना विचारलं नाही.

दुसरा फोन उपविभागीय पोलीस अधिकारी साहेबांना केला. माझी पत्नी त्याच सेंटरमध्ये आहे, तपास दुसऱ्याकडे द्यावा, असं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "द्यायला दुसरा आहे कोण? दोघं व्हेंटिलेटरवर आहेत, एक घरी पडलाय. करा तुम्हीच. स्टेशन डायरीला तशी नोंद घ्या." मी नोंद घेतली.

तेवढ्यात खबर आली. नाव न सांगता कुणीतरी ठाण्याच्या फोनवर बोललं की दिल्लीवाल्यांच्या एका तरुण कार्यकर्त्याच्या गाळ्यात ऑक्सिजन सिलिंडर उतरले आहेत. मुरबाडच्या बाजारपेठेमागेच त्याचा मंडपाचा गाळा होता. पंच घेऊन आम्ही गेलो. आत सिलिंडर होते खरे. लहान होते, सगळ्यांवर पुढाऱ्याचा हसरा फोटो चिकटवलेला आणि खाली "सेवा हीच साधना". बिलं होती. टेम्पोतला जम्बो, म्हणजे माणसाएवढा मोठा सिलिंडर एकही नव्हता.

आम्ही बाहेर येईपर्यंत गाळ्यासमोर दोन्ही बाजू जमल्या होत्या आणि मोबाईल वर धरलेले होते. मुंबईवाल्यांचा तालुक्याचा माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगत होता की साठेबाज रंगेहाथ सापडला. दिल्लीवाले ओरडत होते की सरकारने पोलीस घुसवून सेवाकार्य बंद पाडलं. त्या तरुणाला तिथे ठेवलं असतं तर मार बसला असता, म्हणून मी त्याला गाडीत घालून ठाण्यात आणलं. त्यालाही दोन्ही बाजूंनी अटक म्हटलं.

बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? मी चोरले असते तर लपवले असते का? फोटो लावून चौकात वाटले असते."

हवालदार मास्कच्या आत हसला. मला ते पटलं. नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे, निनावी खबर देणाऱ्याचा रोख चोरीवर कमी आणि कुणा माणसावर जास्त असतो. त्याचा जबाब घेतला आणि त्याला बसवून ठेवलं, बाहेरची गर्दी पांगेपर्यंत.

मग टेम्पोचालकाला आत घेतलं. नाकाबंदीवरच्या पोलिसांनी त्याला टेम्पोसकट आणलं होतं. तिशीतला, अंगाने बारीक. त्याची हकीकत अशी. किन्हवली रस्त्याला, दोन्ही बाजूंनी झाडी आहे तिथे, मोटरसायकलींवर चार जण आडवे आले. हातात कोयते. तोंडाला फडकी. त्याला खाली ओढलं, मागून दुसरी गाडी आली, सिलिंडर चढवले आणि गेले.

"चेहरे बघितलेस?"

"तोंड बांधल्याली हुती साहेब."

त्या दिवसांत तोंड न बांधलेला माणूस दिसला तर आम्ही त्याला दंड करत होतो, त्यामुळे यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. मी बाहेर जाऊन टेम्पो पाहिला. हौद्यात ताडपत्री घडी घालून ठेवली होती. सिलिंडर बांधायचा दोर गुंडाळून, त्याच्या टोकाला गाठ मारून कोपऱ्यात ठेवला होता. कोयते घेऊन आलेली माणसं घाईत असतात. दोर कापतात. तो गुंडाळून ठेवत नाहीत. तो शेतावरच्या माणसाचा हात होता, वस्तू उद्या लागेल म्हणून ठेवणाऱ्याचा.

आत आलो तर हवालदार त्याला चहा पुढे करत होता. चालक नको म्हणाला.

"घे रे. सकाळपास्न पोटात काय नसंल," हवालदार म्हणाला. हवालदार टोकावड्याच्या बाजूचा होता, म्हाताऱ्या हवालदारांना असते तशी माया त्याच्या बोलण्यात होती आणि ती बहुतेक वेळा खरीच असायची.

"जेवलोय ना दादा."

हे तो सहज बोलला. बोलून झाल्यावर त्याने मान खाली घातली. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. दारात सॅनिटायझर ओतलं होतं तरी उजव्या हाताची बोटं नखांपर्यंत पिवळी होती. ढाबे बंद होते. रस्त्यावर चहाची टपरीसुद्धा उघडी नव्हती. लुटल्यानंतर त्याला आमच्या पोलिसांनी उचललं आणि इथे आणलं. मग रस्सा त्याने खाल्ला कुठे?

मी विचारलं. हवालदाराने त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"कोंबडी हुती का?"

चालकाने बोटं मुठीत घेतली.

"कोंबडी कापली म्हंजे पावना साधा नाय. सासुरवाडी कुठली रे तुजी?"

चालक रडायला लागला. मी अनेकांना कबूल होताना पाहिलं आहे, मार खाऊन, पुरावा पाहून, दमून. कोंबडीवरून कबूल झालेला हा पहिलाच. गावात जावई आला तर तो उपाशी परत जात नाही. टेम्पो अडवला, सिलिंडर उतरवले, पुढचं सगळं बिनसणार हे कळत होतं, तरी सासूने जावयाला पाट मांडून जेवू घातलं होतं आणि तोही जेवला होता. कोणत्याही टोळीने ही चूक केली नसती.

तरी गावाचं नाव सांगून झाल्यावर त्याने पुढे एक शब्द सांगितला नाही. कुणी उतरवले, कुठे ठेवले, काही नाही. "मला टाका आत," एवढंच म्हणत राहिला. "माझ्या बायकोचं गाव हाय ते."

किन्हवली रस्ता सोडून आत गेलं की ते गाव लागतं. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला होता आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं, "बाहेरच्यांना गावबंदी". आमची जीप पाहून बांबू उचलला गेला. पोलीस पाटील गमछा तोंडावर ओढत पुढे आला. पोलीस पाटील हा सरकारचा गावातला माणूस. गुन्ह्याची खबर त्याने द्यायची असते.

"सिलेंडर? आमच्या गावात?" तो म्हणाला. "साहेब, आमच्याकडं गॅसचा सिलेंडर मिलत नाय टायमावर."

आम्ही झडती घेतली. घरं पाहिली, गोठे पाहिले, पेंढ्याच्या उडव्यांत काठ्या खुपसल्या. बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. कुणी अडवलं नाही, कुणी मदत केली नाही. देवळाला लागून एक पत्र्याची खोली होती, कुलूप होतं.

"हिच्यात काय?"

"गावाची भांडी साहेब. चावी ज्याच्याकडं हाय तो शेतावर गेलाय. बोलवू का?" पाटील म्हणाला.

मी नको म्हणालो. माझं मूळ गाव शहापूर तालुक्यातलं. अशी खोली आमच्याही गावात आहे. लग्नाला, बाराव्याला लागणारे मोठे टोप, परात, झारे, पाण्याचे पिंप गाव वर्गणीतून घेतं, त्यावर "ग्रामस्थ मंडळ" असं कोरून घेतं आणि खोलीत ठेवतं. ज्याच्याकडे कार्य असेल तो नेतो आणि दुसऱ्या दिवशी घासून परत आणतो. एक दिवस जास्त ठेवली तर वर्षभर बोलणी खातो. भांडी म्हटल्यावर ती खोली माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी पुढे चालायला लागलो.

सूर्य कलला होता. झाडांच्या सावल्या रस्त्यावर लांब पडत होत्या. घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

गावाच्या टोकाच्या घराच्या ओट्यावर एक भला मोठा टोप पालथा घातलेला होता. त्यावर कोंबडी बसली होती. मी थांबलो आणि कोंबडी हाकलली. कडेला कोरलेलं होतं, "ग्रामस्थ मंडळ".

पुढच्या घराच्या पडवीत परात उभी होती. तिसऱ्या घरी पिंप. चौथ्या घराच्या मागे दोन टोप, एकात एक घातलेले. प्रत्येकावर तीच अक्षरं. मघाशी झडतीत आम्ही हीच भांडी हाताने बाजूला सारून त्यांच्यामागे सिलिंडर शोधले होते.

"पाटील, लग्न कुणाकडे होतं?"

"लग्न कुठलं साहेब? बंदी हाय ना."

"मग बारावं?"

पाटील गमछा सारखा करू लागला.

"लग्न नाही, बारावं नाही. मग गावाची भांडी घरोघर का? आणि खोलीत काय आहे?"

सगळी भांडी एकाच घरात ठेवली असती तर मला दिसली नसती. पण गावाची वस्तू एकाच घरात ठेवायची नाही, ही रीत. एका घरात ठेवली की उद्या कुणीतरी म्हणणार, त्याने दाबली. म्हणून खोली रिकामी करताना त्यांनी भांडी आळीआळीत वाटून दिली होती. चोरी करतानाही त्यांनी वाटप चोख केलं होतं. तालुक्यात बाकी कुणाला ते जमत नव्हतं.

शेतावर गेलेला माणूस लगेच सापडला. तो पाटलाच्या मागेच उभा होता. कुलूप उघडलं. आत शहापूरचे सिलिंडर भिंतीला टेकवून उभे केलेले होते, खाली पेंढा अंथरलेला, पडून आवाज होऊ नये म्हणून.

मी मोजले. एक कमी होता.

"तो शाळेत हाय," एक म्हातारा म्हणाला. गावकीचा प्रमुख तो. तोपर्यंत तो एका झाडाखाली बसून सगळं बघत होता. "चला, दाखवतो. पर जोरात बोलू नका."

जिल्हा परिषदेची शाळा. वर्गात बाकं भिंतीला सरकवली होती आणि मधे खाटेवर एक तिशीच्या आतली मुलगी पडली होती. नाकातोंडावर मास्क, शेजारी सिलिंडर. कल्याणला एका दवाखान्यात वॉर्डबॉय असलेला गावचा एक जण घरी आला होता, त्याने नळी जोडून दिली होती. उशाशी तिची आई पदराने वारा घालत होती. चालकाची सासू तीच, आणि खाटेवरची त्याची मेहुणी.

ती गावची आशाताई होती. वर्षभर हीच पोर घरोघर फिरून लोकांच्या बोटाला मशीन लावत होती, ताप मोजत होती, आकडे वर पाठवत होती. सरकारचं जे काही त्या गावापर्यंत पोचलं होतं ते तिच्या पायांनी पोचलं होतं. तिला त्रास सुरू झाल्यावर गावाने जीप करून दोन ठिकाणी नेलं. एका ठिकाणी बेड नव्हता, दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन नव्हता. दोन्हीकडे सांगितलं, नंबर लावून ठेवा, फोन करतो. फोन आला नाही. गावातला आधीचा एक माणूस अशाच फोनची वाट बघत गेला होता.

"मंग गाव बसला," म्हातारा म्हणाला. "टीव्हीवर तो म्हणतो ह्यानं खाल्ला, हा म्हणतो त्यानं खाल्ला. आमी म्हटला, खाल्ला कुनी ते बघू मागनं. टेम्पो तर आपल्याच रस्त्यानं जातो."

"त्यातला एक घेतला असता," मी म्हणालो. "सगळे का?"

"आज ही हाय. उद्या कोन असंल ते ठाव हाय का तुमाला?"

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. सिलिंडर मिळाले, निघतो, पण एक रुग्ण आहे, बेड आहे का?

"बेड नाही." मग थोडं थांबून, "आणा. खाली गादी टाकते."

मी मुलीच्या आईला सांगितलं, हिलाही बरोबर घेऊन जाऊ, बेड नाही पण खाली गादी टाकतील, सिलिंडर लावलेलाच राहील.

"नाय," ती म्हणाली. "तिकडं नेल्यालं मानूस प्लास्टिकमधी गुंडाळून येतो, नायतर येतच नाय. तुमी तुमची लोखंडं न्या. माझी पोर हितंच राहील."

"आणि हा सिलिंडर संपला की?"

"संपला का तुमी हायच आणायला. परत रस्ता धरू."

बाहेर खिडक्यांना गाव लागलं होतं. पोलीस म्हणून मी सिलिंडर काढून घेऊ शकत होतो. कायद्याने तो मुद्देमाल होता. तो काढला असता तर ती पोर शाळेतच गेली असती, आणि ठेवला असता तर रात्रीतून संपला असता. माझ्या मनात तिसरीही गोष्ट होती, ती मी इथे लिहितो. या सगळ्या वेळात शहापूरचे सिलिंडर त्या खोलीतच उभे होते आणि प्रत्येक मिनिटाला मला ते दिसत होते.

तेव्हा हवालदार बोलला. मी त्याला बोलू नको म्हणून सांगितलेलं नव्हतं.

"काकी, साहेबांची बायको पन तिथंच हाय. आज सकाळीच ठेवलीय. ह्या सिलेंडरांची वाट बघतीय ती."

आईने वारा घालणं थांबवलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मास्कमुळे माणसाचे फक्त डोळे दिसायचे तेव्हा, आणि मला वाटतं त्या काळात आपण एकमेकांना जास्त नीट बघायला लागलो होतो.

"म्हंजे तुमची आत न आमची गादीवर," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "बेड नाही. गादीच आहे."

"खोटा नाय बोलत हा," तिने म्हाताऱ्याला सांगितलं. जणू मी तिथे नव्हतो. मग पोरीच्या कपाळावरचे केस मागे केले. "चल गो. मी येतो तुझ्याबरोबर. मला तिथून कोन हालवतो ते बघू."

सिलिंडर गावानेच गावातल्या एका टेम्पोत चढवले. दोर बांधला, गाठी तपासल्या. पाटील टेम्पोत पाठीमागे सिलिंडर धरून बसला, कारण रस्ता खराब होता. मी त्याला तिथेच बसू दिलं. आरोपी म्हणून त्याचं नाव लिहायला नंतरही वेळ होता.

दिवस मावळायच्या बेतात आम्ही शहापूरला पोचलो. डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सिलिंडर मोजले नाहीत, फक्त आत न्यायला सांगितलं. आशाताईची गादी माझ्या पत्नीच्या खाटेजवळच्या जागेत पडली, दुसरीकडे जागा नव्हती. मला पीपीई किट घालून दोन मिनिटं आत सोडलं. पत्नीने मला त्या पांढऱ्या कपड्यातही ओळखलं.

"तुम्ही इथे कसे? ड्युटी सुटली?"

"ड्युटीवरच आलोय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. समोरासमोर आमचं झालेलं हे शेवटचं बोलणं. पुढे काही दिवस फोनवर बोललो, मग तेही नाही. पुढच्या आठवड्यात ती गेली. आशाताई महिन्याने घरी गेली.

पत्नी गेल्यावर मुंबईवाल्यांचा पुढारी घरासमोर येऊन गेला आणि बाहेर पत्रकारांना म्हणाला की विरोधकांनी चिथावलेल्या लुटीमुळे एका पोलीस अधिकाऱ्याला पत्नी गमवावी लागली. दुसऱ्या दिवशी दिल्लीवाला आला. त्याच्या मते ती सरकारने केलेल्या तुटवड्याची बळी होती. दोघांनीही मला विचारलं नव्हतं. मी खुलासा पाठवला, तो कुठे छापून आला नाही, म्हणून इथे लिहितो. तिला ऑक्सिजन मिळत होता. त्या संध्याकाळी मिळाला आणि शेवटच्या दिवशीही चालू होता. आजार फुप्फुसात वाढला होता. डॉक्टरबाईंनी जे करता येईल ते सगळं केलं.

गावात दोघेही गेले. धान्याची पाकिटं वाटली, फोटो काढले. एकाने गावाला लुटारू ठरवलं होतं आणि दुसऱ्याने हुतात्मे. गावाने दोघांची पाकिटं घेतली.

तपास पुढे माझ्याकडेच राहिला. आरोपींची नावं हवी होती. मी पाटलाला बोलावलं तर दोन टेम्पो भरून गाव ठाण्यात आलं. बाकावर, पायरीवर, आंब्याखाली बसले. ठाणे अंमलदाराच्या खिडकीशी एकेक जण येऊन म्हणत होता, "लिवा माझं नाव. मीच उचलला." एक म्हातारी तर वाकूनही सिलिंडरला हात लावू शकली नसती, तीही रांगेत होती. वरून दबाव होता की पुढारी कोण ते शोधा. मी शोधलं. पुढारी नव्हता. गाव बसलं आणि गावाने ठरवलं, एवढंच निघालं. पण कायद्याने गावाला अटक करता येत नाही. शेवटी चालक, पाटील आणि म्हातारा, या तिघांवर दोषारोपपत्र दाखल झालं. त्यांनी हरकत घेतली नाही. चालकाची नोकरी गेली.

या तपासाने मला काय शिकवलं, असं मी स्वतःला बरेचदा विचारतो. तीस वर्षं मी धरून चाललो की चोरी करणाऱ्याला वस्तू हवी असते. या लोकांना वस्तू नको होती. त्यांना खात्री हवी होती. ऑक्सिजन कमी पडला, इंजेक्शनं कमी पडली, यावर आजही टीव्हीवर भांडतात, आणि कुणामुळे कमी पडलं याचा निकाल कधी लागेल असं मला वाटत नाही. माझ्यापुरतं मी जे पाहिलं ते असं की सिलिंडर संपायच्या बऱ्याच आधी दुसरं काहीतरी संपलं होतं. नंबर लावला तर आपला नंबर येईल, फोन करतो म्हणाले तर फोन येईल, हा भरवसा. तो संपला की माणूस सरकारकडून आपल्या माणसांकडे वळतो, आणि आपली माणसं म्हणजे फार तर गावाची वेस. वेशीपलीकडच्या खाटेवर कोण आहे हे त्याला दिसत नाही. मलाही त्या दिवशी एकच खाट दिसत होती. माझ्या अंगावर वर्दी होती, एवढाच फरक.

त्या बाईला मी गादी म्हणालो, बेड म्हणालो नाही. पूर्ण दिवसात सरकारच्या वतीने बोललेलं ते कदाचित एकच वाक्य होतं जे जसंच्या तसं खरं निघालं, आणि तेवढ्यावर ती पोरीला घेऊन निघाली. त्याहून जास्त मला त्या तपासातून काही सांगता येत नाही.

खटला अजून मुरबाडच्या कोर्टात चालू आहे. म्हातारा मधे वारला, त्याचं नाव कमी झालं. आशाताई त्याच गावात काम करते. साक्षीची तारीख लागली की मी शहापूरहून जातो, तारीख पुढे पडते, परत येतो. घरी मी एकटा असतो.